फूल येईपर्यंत

पडवळ सर जेवायला बसले की ताट आधी उजेडाकडे फिरवून घ्यायचे. दुकानदार नोट खिडकीकडे धरून बघतो ना, तसं. भाताचं शीत दोन बोटांत चेपायचे, आमटीचा वास घ्यायचे, भाजीची एक फोड ताटाच्या कडेला ओढायचे आणि विचारायचे, "परभणी, हे काय आहे?"

"दोडका, सर."

"तू म्हणतोस."

एवढं झालं की जेवायला लागायचे. परभणी म्हणजे मी. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते म्हणायचे, नाव काय, कोणीही काहीही ठेवतं. गाव निदान एसटीच्या पाटीवर तरी असतं.

सातवीत शाळा सुटली आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, एका लांबच्या मामाच्या ओळखीनं मी जुन्नरला आलो. कॉलेजच्या मुलांचं एक वसतिगृह होतं, तिथं आचारी हवा होता. मुलं कोणी निमगाव सावाकडची बागायतदारांची, कोणी पश्चिमेच्या डोंगरातली. पडवळ सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि वसतिगृहाचे रेक्टरही तेच. लग्न केलेलं नव्हतं. कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. अंगानं वाळकी काठी, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, कॉलरमध्ये टोचलेली शिवणाची सुई, खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ताईत असेल. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस आणि ताईत?

त्यांनी मला नोकरीवर घेतलं तो प्रसंग म्हणजे पोलीस चौकीतली चौकशीच होती. शाळा का सोडलीस, म्हणाले. मी म्हटलं, घरची अडचण. अडचण सगळ्यांनाच असते, खरं कारण सांग. मी खाली बघून म्हटलं, इंग्रजी. "हां," म्हणाले, "हे पटतं." स्वयंपाक कुठं शिकलास? आईकडं. आई कुठं असते? परभणीला. "म्हणजे विचारता येणार नाही," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघराची किल्ली दिली. दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवली.

मी बरेच महिने माझी पिशवी भरूनच ठेवली होती. कधी काढतील याचा नेम नाही, असं वाटायचं. रात्री पातेली घासताना सरांच्या चपलांचा आवाज आला की हात थांबायचे.

एके दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले, हातात चार फुलं. मिरचीचं, वांग्याचं, टमाट्याचं, आणि कचऱ्याच्या ढिगावर येतो त्या धोतऱ्याचं. चारी परातीत मांडली आणि म्हणाले, "यात परका कोण?"

मी सरळ धोतऱ्याकडे बोट दाखवलं. ते विषारी, बाकीचं आपण खातो.

"तू पोटाचा विचार करतोस. त्यांच्या पोटात बघ." ब्लेडनं त्यांनी एकेक फूल उभं चिरलं, सुईनं आतले केसर बाजूला सारले आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मोज, म्हणाले. मी मोजले. पाच. दुसऱ्यात पाच. चारी फुलांत पाच-पाच पुंकेसर, मधोमध एक दांडी, तिच्या बुडाशी दाण्यांची खोली. पुस्तकात तिला अंडाशय म्हणतात, तू बीजाची खोली म्हण, असं म्हणाले. मी सांगितलं, सगळी सारखीच आहेत.

"परत मोज."

परत मोजले. पाचच. मग म्हणाले, ही चौघं एका घराण्यातली. एक रस्त्यावर वाढलं म्हणून परकं होत नाही.

मी घाबरलो होतो, ते वेगळंच. हे मला का शिकवतायत? सातवी नापास आचाऱ्याला फुलं दाखवून या माणसाला काय काढून घ्यायचंय? फुकट कोणी काही देत नाही, एवढं मी घरून शिकून आलो होतो. त्यामुळे ते शिकवायचे आणि मी त्यांच्याकडे संशयानं बघत शिकायचो. त्यांना ते आवडत असावं. "तू लगेच मान हलवत नाहीस," म्हणाले एकदा. "वर्गातली पोरं सगळ्याला हो म्हणतात. त्यांचं काही खरं नाही."

त्यांचं म्हणणं असं, की झाडाच्या पानावर कधी विसंबू नये. "पान ऊन बघून बदलतं, पाणी बघून बदलतं, शेळीनं तोंड लावलं तरी बदलतं. रंग तर जन्माचा लबाड. पण वंश चालवायची जी व्यवस्था असते ना, नर किती, मादी कुठं, बीजाची खोली वर की खाली, त्यात झाड सहसा हात घालत नाही. म्हणून शहाण्यांनी फुलांची घराणी त्यावरून लावली." यातला 'सहसा' हा शब्द ते दाबून म्हणायचे. झाडांवरसुद्धा पूर्ण भरवसा नाही.

भाजी निवडता निवडता मी घराणी ओळखायला लागलो. भेंडी आणि जास्वंद एका घरातली, कारण दोघांचे केसर एकत्र येऊन नळी होते आणि मादीची दांडी त्या नळीतून डोकं काढते. तूर, पावटा, वाटाणा यांचे दहा केसर; नऊ एकमेकांना चिकटलेले आणि दहावा सुटा. तो का सुटा, असं मी विचारलं तर सर म्हणाले, त्याला कोणाचा तरी संशय असेल. मग स्वतःच हसले. ते हसले की आवाज यायचा नाही, नुसतं भिंग छातीवर हलायचं.

मुलं त्यांच्या आडनावावरून टिंगल करायची. जेवणात पडवळाची भाजी असली की पंगतीत खसखस पिकायची, "भाऊ, आज सर शिजवले का?" सरांच्या कानावर गेलंच ते. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले म्हणे, पडवळाचं नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं, आणि दोन्ही अंधार पडल्यावर उमलतात. ज्याला विनोद करायचाय त्यानं आधी तेवढा वेळ जागं राहून दाखवावं.

गावात त्यांच्याविषयी नाही नाही ते बोलायचे. शिवनेरीच्या उतारावर हा माणूस ओणवा होऊन काय शोधतो? कोणी म्हणे धन. कोणी म्हणे औषधी मुळ्या विकतो. कॉलेजातल्या एका समारंभात त्यांना झेंडूचा हार घातला, तर पाहुण्यांचं भाषण चालू असताना सरांनी तो हार मांडीवर घेऊन एकेक झेंडू उलगडायला घेतला. पाहुण्यांना वाटलं, अपमान केला. सर शेजारच्याला सांगत होते की हे एक फूलच नाही, ही वस्ती आहे, प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एकेक वेगळं फूल राहतं.

डोंगरात तर त्यांना कोणी उभं करायचं नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर डबा घेऊन गेलो होतो. सर एका बांधावर बसून रानफुलं चिरत होते, तेवढ्यात डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आली. ही हौसाबाई. डोंगरातून रानभाज्या घेऊन जुन्नरच्या बाजाराला यायची, मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचो. ती आधी सरांकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "पावणं, हे काय मोजत्यात?"

मी म्हटलं, फुलातले केसर.

"आज फुलं मोजत्यात, उद्या घरं मोजत्याल. धरणाच्या टायमाला बी असंच येक जण आलं व्हतं. आदी झाडंच मोजली."

मला वाटलं सर चिडतील. ते उठून उभे राहिले आणि तिला म्हणाले, तुझी शंका बरोबर आहे, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मग भिंग तिच्यापुढे धरलं. तिनं हातही लावला नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला डोळं हाईत."

आता फोडशीचं सांगतो. पावसाळ्याच्या तोंडी डोंगरउतारावर लांब पात्यांची ही भाजी उगवते. कोवळी असतानाच खुडायची, फूल यायच्या आत. हौसाबाईनं त्या आठवड्यात भारा आणला होता. त्याच दिवशी वसतिगृहाचे कारभारी अण्णा यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. दरवर्षी ते त्यानिमित्त मुलांना काहीतरी पाजायचे-खाऊ घालायचे. त्या वर्षी त्यांनी घरून ताक आणलं, मोठ्या पितळी पातेल्यात. पातेल्यावर वडिलांचं नाव कोरलेलं. मी फोडशी केली, भाकऱ्या केल्या. मुलं जेवली, वाट्या भरभरून ताक प्यायली. मला ताक उरलं नाही, मी भाजी-भाकरी खाल्ली. सर दुसऱ्याच्या घरचं कधी काही पीत नसत. ते त्या दिवशीही प्यायले नाहीत.

दुपार कलायच्या आत मुलं ओकायला लागली. एक, दोन, मग ओळीनं. सरकारी दवाखान्यात नेली, सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी सगळी उठून बसली, कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण जुन्नरभर झालं की आचाऱ्यानं विषारी भाजी घातली. फोडशीसारखीच पाती असलेला एक कांदा रानात असतो. तो पोटात गेला तर माणूस ओकून ओकून अर्धमेला होतो, हे इथं सगळ्यांना माहीत. मलाच माहीत नव्हतं. बाहेरगावचा माणूस, त्याला काय कळतंय, असं जो तो म्हणायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला काहीच झालं नव्हतं. "स्वतः खाल्लं असतं तर पडला असता," अण्णा म्हणाले. "याला माहीत होतं." रेक्टरही ठणठणीत आहेत, असंही कोणीतरी हळूच म्हणालं.

अण्णांनी ठरवलं होतं, मला त्याच दिवशी काढायचं आणि हौसाबाईवर पोलिसांत तक्रार द्यायची. मी पिशवी काढून दाराशी ठेवली. ती भरलेली होतीच. घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. विष घालणारा आचारी म्हणून निघालेल्याला परत चुलीपाशी कोण उभं करणार?

सर म्हणाले, "फूल येऊ द्या."

"काय?" अण्णा म्हणाले.

"भाजी कोणती होती ते फूल सांगेल. पानावरून मी कोणाला दोषी ठरवणार नाही. निर्दोषही नाही."

"सर, पोरं मरता मरता वाचली आणि तुम्ही फुलाची वाट बघताय?"

"तुमच्याकडे दुसरा पुरावा असेल तर द्या. मी सही करतो."

सरांची सही नसेल तर तक्रार टिकणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन डोंगरात गेले. हौसाबाईनं जागा दाखवली. "हितनंच खुडली. माझ्या आईच्या आईपास्नं आमी हितनंच खुडतो."

"तू म्हणतेस," सर म्हणाले आणि गुडघ्यावर बसून भिंगानं छाटलेले बुडखे बघायला लागले, काप ताजे आहेत की जुने. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे छाटलेले बुडखे मातीसकट उकरले. मुळं हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, सर, तुम्हाला तर कळलं असणार.

"मला काहीतरी वाटतंय," म्हणाले. "वाटणं म्हणजे पुरावा नाही."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. एक शब्द बोलले असते तर मी सुटलो असतो.

तेलाचा रिकामा डबा आडवा कापून त्यात ते बुडखे लावले. डबा त्यांच्या खोलीच्या खिडकीत, आणि खोलीला कुलूप. आंघोळीला जातानाही किल्ली जानव्यासारखी गळ्यात, भिंगाच्या शेजारी. मला सांगितलं, फूल येईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही आणि वसतिगृह सोडूनही जायचं नाही. माझ्यावरही संशय होताच ना. मी नुसती भांडी घासायचो. मुलं पाळीपाळीनं खिचडी करायची, खाली करपलेली, वर कच्ची. चारच दिवसांत तीच मुलं मला विचारायला लागली, "भाऊ, फूल कधी येतंय? या खिचडीनं पुन्हा दवाखान्यात जायची वेळ येईल."

रोज सकाळी मी खिडकीच्या गजांतून बघायचो. पाती फुटली. मग एक दिवस मधून बारीक दांडा वर आला, त्यावर तांदळाएवढ्या कळ्या. त्या कळ्यांकडे मी जसं बघितलं तसं देवाकडेही कधी बघितलं नसेल.

पहिली फुलं उमलली त्या सकाळी सरांनी अण्णांना बोलावलं, हौसाबाईला निरोप धाडून आणवलं, मलाही उभं केलं. डबा बाहेर ओट्यावर उन्हात ठेवला. पांढरी, चांदणीसारखी फुलं. आधी म्हणाले, ज्या कांद्याचा संशय आहे त्यालाही सहाच पाकळ्या आणि सहाच केसर, म्हणजे केसर मोजून भागणार नाही. बीजाची खोली बघायची. मग माझ्याकडून पेरू आणि वांगं मागवलं. पेरूच्या खालच्या टोकाला वाळलेल्या फुलाचा मुकुट राहतो, कारण पेरू फुलाच्या खाली धरतो. वांग्याची टोपी देठाशी असते, कारण वांगं फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वर धरतं. तो विषारी कांदा पेरूसारखा, खोली पाकळ्यांच्या खाली. फोडशी वांग्यासारखी. "आता बघा."

फूल चिरून भिंग अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी डोळा बारीक केला.

"खोली कुठं आहे?"

"वर," अण्णा म्हणाले. "पाकळ्यांच्या वर."

"परत बघा."

"वरच आहे."

दुसऱ्या बुडख्याचं फूल, तिसऱ्याचं. सगळीकडे वरच. ज्याला अजून कळी होती, त्याची कळी चिरली. तीही तशीच. हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "फोडशीच हाय. म्या म्हनलं व्हतंच की. येवढं फूल कशाला पायजे व्हतं?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "भाजीवरचा संशय गेला. तुझ्यावरचा गेला असं मी म्हटलेलं नाही."

मग त्यांनी एका मुलाला अण्णांचं पितळी पातेलं आणायला सांगितलं. ते त्या दिवसापासून कोठीत तसंच पालथं पडलं होतं, सरांनी कोणाला घासू दिलं नव्हतं. त्यांनी ते उन्हात उताणं केलं. आत बुडाशी कल्हई उडालेली, आणि उडालेल्या जागी हिरवट डाग. आंबट ताक अशा भांड्यात राहिलं की कळकतं आणि ते पोटात गेलं की माणूस ओकतो, हे इथल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. पण अलीकडे कल्हईवाले यायचे बंद झाले होते, आणि वडिलांच्या नावाचं भांडं वर्षातून एकदाच फडताळातून निघायचं.

सरांनी भिंग पुन्हा अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी ते घेतलं. पातेल्यात वाकून ते बराच वेळ बघत राहिले, फुलात बघितलं त्याच्यापेक्षा जास्त. मग भिंग पुसून सरांना परत दिलं, पातेलं स्वतः उचललं आणि घरी घेऊन गेले. मला त्याच दिवशी चूल परत मिळाली. संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली.

पुढं मी विचारलं, ताकाचा संशय तुम्हाला आधीच आला होता ना? म्हणाले, पहिल्याच दिवशी, दवाखान्यातच. जी फोडशी टाकून नुसतं ताक प्यायली होती तीही मुलं आडवी होती. मग बोलला का नाहीत? "भाजीचं दार बंद झाल्याशिवाय त्या पातेल्यात कोणी वाकलं नसतं. आणि माझा अंदाज चुकलाही असता." मग म्हणाले, "तुला तेवढे दिवस जड गेले." त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त काही मी कधी ऐकलं नाही.

सर निवृत्त झाले आणि लोणीला, आपल्या गावी, पुतण्याकडे जाऊन राहिले. जाताना मला म्हणाले, किती दिवस दुसऱ्याची चूल पेटवणार? त्यांनीच स्टँडजवळची जागा बघून दिली, मालकाची उलटतपासणी घेतली, आणि माझी खानावळ सुरू झाली. परभणीला जाणं वर्षातून एकदा, कधी तेही नाही.

दोन हजारनंतरच्या एका पावसाळ्यात कळलं की सरांना काचबिंदूनं दिसेनासं झालंय. मी एसटीनं लोणीला गेलो. जाताना हौसाबाईकडून फोडशी घेतली. ती आता म्हातारी झाली होती, नातीला भारा उचलायला लावून स्वतः नुसती विकायची. मास्तरांसाठी म्हटल्यावर तिनं वरचा भारा बाजूला करून खालून जुडी काढून दिली.

सर पडवीत बाजेवर बसले होते. गळ्यात भिंग होतंच. मी बोललो तसे म्हणाले, "परभणी. आवाज जाड झालाय. खातोस का स्वतःच्याच खानावळीत?" पुतण्याची बायको कानाशी म्हणाली, जेवतच नाहीत धड हो; ताटात काय आहे ते दिसत नाही, आणि आम्ही सांगितलं तर पटत नाही. वास घेतात, चिवडतात, उठतात.

मी तिच्या चुलीवर भाजी केली, कांदा आणि भिजवलेली मुगडाळ घालून, त्यांना आवडायची तशी. भाकरी केली. ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी सवयीनं ते उचलून उजेडाकडे फिरवलं आणि परत खाली ठेवलं. बोटांनी भाजी चाचपली.

"हे काय आहे?"

"फोडशी, सर."

बोटं थांबली. "कोणी खुडली?"

"हौसाबाईच्या नातीनं."

"निवडली कोणी?"

"मी."

"फूल बघितलंस?"

"नाही, सर. फूल यायला अजून वेळ आहे."

मी वाट बघत होतो, आता 'तू म्हणतोस' असं म्हणतील म्हणून. पुतण्याची बायको दारात उभी होती. मग सरांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, भिंग भाजीत बुडू नये म्हणून बाजेवर उशाशी ठेवलं, आणि भाकरी मोडली.